पाच कोऱ्या ओळी

बाबा गेले त्या दिवशी रुचिरानं त्यांचा मोबाईल बंद करून ठेवला. पाचव्या दिवशी सुरू करताच तो वाजला. “श्रीपतजी, पाँच दिन से कहाँ हैं? लिखिए.” नेपाळमधले थापाजी होते. सीमेच्या वादात सरकारी पूरसूचना अडकू लागल्यापासून हे दोघे निवृत्त अभियंते पावसाळाभर रोज बोलत. थापाजी नदीची पातळी सांगत, बाबा ती लखनौहून काठावरच्या गावांना कळवत. रुचिरानं बाबांची वही ओढली. महिन्याच्या तारखा त्यांनी आधीच घातल्या होत्या. आजपर्यंतच्या पाच ओळी कोऱ्या होत्या. “मैं उनकी बेटी. लिखवाइए.” पाणी रात्रीत दोन मीटर चढलं होतं. बाबांच्या शिरस्त्याप्रमाणे तिनं आकडा वाचून दाखवला आणि मगच ते गेल्याचं सांगितलं. थापाजी आवाज सावरत म्हणाले, “पहले गाँवों को खबर करो, बेटी. रोएँगे बाद में.”