शेजारची खाट

तिसऱ्या दिवशीही दूध उतरलं नाही, तेव्हा हेमांगीचा धीर सुटला. बाळ ओढून ओढून थकायचं आणि लालबुंद होऊन रडायचं. "पहिलटकरणीला लागतो थोडा वेळ," सिस्टर समजावत.

शेजारच्या खाटेवरच्या सुगंधाचं बाळ जन्मतःच गेलं होतं. दूध मात्र आलं होतं. हेमांगीचं बाळ रडलं की सुगंधाचा ब्लाउज ओला व्हायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून पडायची.

त्या दुपारी रडून रडून बाळाचा आवाज बसला, तशी सुगंधा उठून बसली. "ताई, मी पाजू का त्याला?"

हेमांगीने सिस्टरकडे पाहिलं. त्यांनी होकार दिला, तसं तिने बाळ सुगंधाच्या मांडीवर ठेवलं. ते गटागटा प्यायलं, आणि सुगंधा तीन दिवसांत पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगीला पान्हा फुटला. बाळ चुटुचुटु पिऊ लागलं. सुगंधा पिशवी घेऊन घरी निघाली होती.

"आलं ना दूध? आता मी निवांत जाते," ती म्हणाली.

हेमांगीने बाळाला अलगद सोडवलं.

"अर्धंच प्यायलाय तो. उरलेलं तुम्ही पाजून जा."