मशीनीची मास्तरीण

"हा दाणा कुठल्या ताटलीत?" हरीओमने विचारलं.

वच्छलाने तुरीच्या डाळीचा दाणा खिडकीच्या उजेडात धरला, बोटांत फिरवला आणि डावीकडच्या ताटलीत टाकला.

"खराब?"

"खराब."

"मला तर दोन्हीकडचे सारखेच दिसतात."

"तुमाले दिसले असते त मले कायले बसवलं असतं इथं?"

हरीओम हसला. तो अकोल्याहून मशीनीबरोबर आला होता. खडा, काळा दाणा, किडका दाणा मशीनीचे कॅमेरे आपणच ओळखत. अडत होतं ते गणंगावर. रंग डाळीसारखाच, आकारही तोच, पण कुकरच्या दहा शिट्ट्या झाल्या तरी न शिजणारा दाणा. तो वेचून काढायला मंगरूळपीरच्या या डाळ मिलमध्ये चौदा बाया सुपं घेऊन बसत. त्यांत वच्छलाची नजर सगळ्यांत पक्की. बावीस वर्षांत तिच्या हातचं एक पोतं परत आलं नव्हतं.

शेठनी सगळ्या बायांना आवारात बोलावून सांगितलं होतं.

"आफ्रिकेची तूर जहाजानं उतरून राह्यली. आपल्या तुरीपेक्षा सस्ती पडते. तुमी चौघी-पाचजणी दिवसभर जेवढं निवडता, तेवढं मशीन चहा पिऊन होईस्तोवर करते. मी नाई घेतली त मिलच बंद होईन."

"अन् मशीन चुकली त?" रामीबाईने विचारलं होतं.

"चुकली त तुमालेच बोलावीन. अजून काय!"

मग त्यांनी वच्छलाला थांबवून घेतलं. मशीनीला शिकव, तुला मशीनीवर ठेवतो, म्हणाले. वच्छलाने क्षणभर विचार केला आणि हो म्हटलं.

आठ दिवस ती हरीओमसमोर बसली. एकेक दाणा उचलायचा, पाहायचा, टाकायचा. तो ताटल्यांचे फोटो काढून मशीनीत भरायचा. एकदाही तिचा हात अडखळला नाही.

आठव्या दिवशी तेरा जणींनी सुपं भिंतीला लावली. रामीबाई दारात थांबली. एकोणीस वर्षं दोघी एकमेकींच्या डब्यात जेवल्या होत्या.

"काहून शिकवलं वं तिले?"

"मी नसतं शिकवलं त दुसऱ्या कोणी शिकवलं असतं."

"तुयावानी कोणालेच जमलं नसतं," रामीबाई म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर त्या तेरांपैकी कोणी वच्छलाशी बोललं नाही. नळावर ती गेली की घोळका पांगायचा.

मशीन जोरात चालली. वच्छला तिच्याजवळ स्टुलावर बसायची. बटण दाबायचं, पोतं भरलं की हाक मारायची, एवढंच काम. मॅनेजर जगदेवचा फोन वाजला की मात्र ती मान वळवून पाहायची.

"कोणाचा फोन हाये, भाऊ?"

"पार्टीचा."

"मालाचं काई म्हणते?"

"काई नाई म्हणत. लई धास्ती घेतली बाई तुमी नोकरीची!"

पहिला ट्रक गेला. चौथा गेला. नववा गेला. दोन महिने ती त्या फोनकडे कान लावून बसली. तिचं जेवण कमी झालं. नवरा पंजाबराव म्हणायचा, "बसून काम हाये आता, तरी वाळून काहून चालली तू?"

एका सकाळी जगदेव पेढ्यांचा डबा घेऊन आला.

"घ्या बाई. पार्टीनं तिप्पट माल मांगितला. दोन महिन्यांत एक तक्रार नाई."

"एकही नाई?"

"एकही नाई."

"त्याईनं शिजवून पाह्यली का पण डाळ?"

"आता कोण शिजवून पाह्यते? रंग पाह्यला, भाव पाह्यला, पोतं पुढं ढकललं. चार देशांची डाळ एका पाकिटात जाते. कोणाची कच्ची राह्यली, कोणाले समजते?"

वच्छलाने पेढा हातात धरला. खाल्ला नाही.

दुपारी हरीओमचा फोन आला. जगदेवने तिच्या कानाला लावून दिला.

"वच्छलाबाई, तुम्ही शिकवलेलं सगळं मी आणखी अकरा मिलींच्या मशीनींत भरलं. मालेगावची तर कालच सुरू झाली. दोन मिनिटांचं काम! तुमचे आठ दिवस सगळ्यांच्या कामी आले."

"तिथं बाया होत्या निवडाले?"

"होत्या ना. आता गरज नाही त्यांची. आणि मशीनही आता मोबाईलवरून चालेल, शेजारी माणूस लागणार नाही. शेठ बोलले असतील तुमच्याशी."

शेठ संध्याकाळी बोलले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वच्छला एसटी स्टँडवर गेली. रामीबाई पुण्याला बांधकामावर निघाली होती. गाठोडं मांडीवर घेऊन ती गाडीत खिडकीशी बसली होती.

"कायले आली?"

"मलेही काढलं."

रामीबाईने गाठोडं बाजूला सरकवलं. तिच्या आवाजात आता राग नव्हता.

"काढनच. बावीस वर्साची सारी अक्कल तिच्या पोटात टाकली तू. आमच्यासाठी थोडी तरी मांगं ठेवाची होती, वच्छला."

कंडक्टरने बेल मारली. गाडी हलली. वच्छला खिडकीचा गज धरून दोन पावलं तिच्याबरोबर चालली.

"रामी," ती म्हणाली, "सारा गणंग मी चांगल्यात टाकला होता."