रविराजचा ठेवा

मानवजातीचं ज्ञान पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवण्याचं काम २००३ साली शिरूरमध्ये, पिठाच्या गिरणीच्या माडीवर चाललं होतं. दळण जोरात असलं की ते थांबवावं लागे, कारण कॉम्प्युटरमध्ये पीठ जाई.

हे काम करणारा रविराज मूळचा दौंडचा. दिवसा रांजणगावच्या कारखान्यात, संध्याकाळी माडीवरच्या सत्यजीतच्या कॉम्प्युटर क्लासात. जगभरच्या लोकांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवलेला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्यातून बनतो ते मूळ लिखाण, तो उतरवून घेई आणि सीड्यांवर भरी.

"आज हाय, उद्या काढून टाकलं तर पोरांनी शिकायचं कशावरून, सर?"

"आधी तुझी पोरगी बालवाडीत तर जाऊ दे," सत्यजीत म्हणे.

पण त्यातलं कितीतरी नेटवरून खरंच नाहीसं झालं. उरलं ते रविराजच्या खोक्यांत.

मग शिक्रापूरजवळ ट्रकनं रविराजला उडवलं. त्याचे वडील दगडोबा येऊन खोलीतलं सामान खोक्यांसकट दौंडला घेऊन गेले.

दहाव्याला सत्यजीतही गेला. घाटावर गर्दी होती, म्हणून विधी दगडोबांच्या मळ्याला लागून, भीमेच्या काठावर केला. पिंड ठेवला. कावळे लांब बाभळीवर बसून होते. येईनात.

पिंडावरून मधूनच उजेडाचा एखादा ठिपका सरकत जाई. मग माणसांच्या तोंडांवरून. वारा पडला की ठिपके जागच्या जागी थरथरत राहत. रविराजची आई, रंगुबाई, त्यांच्याकडं डोळे लावून बसली होती.

"नदीचं पाणी चमकतंय," गुरुजी म्हणाले. पण आवाज जरा खालीच ठेवून.

"पोरीचं लगीन मी करीन रं," चुलते ज्योतिबा म्हणाले. कावळा हलला नाही.

"पूनमला आमी अंतर देणार न्हाई." नाही.

"तुझी मोटरसायकल इकत न्हाई!" मागून कुणीतरी म्हणालं.

"तिच्यापायीच गेला की! गप बस," एक म्हातारी खेकसली.

रविराजची बायको पूनम सत्यजीतकडं वळली. "सर, तुमी बोला. त्यांचा जीव कशात व्हता ते तुमालाच ठावं."

सत्यजीत बी.एस्सी. होता. कावळ्यांशी वाटाघाटी करण्याची त्याला सवय नव्हती. तरी त्यानं हात जोडले.

"रविराज, तुझ्या सीड्या मी जपीन. एकही खराब होऊ देणार नाही. शब्द देतो."

सूर्य ढगाआड गेला. सगळे ठिपके एकदम विझले. बाभळीवरून एकच कावळा उठला, सरळ आला आणि पिंडाला शिवला.

रंगुबाईनं हंबरडा फोडला. सत्यजीतच्या अंगावर सरसरून काटा आला. जेवायला बसण्याआधीच त्यानं दगडोबांना गाठलं.

"आप्पा, ती खोकी कुठायत? आजच शिरूरला नेतो. शब्द दिलाय."

"कंची? चकचकीत तबकड्यांची व्हय?" दगडोबांनी बांधापलीकडच्या बाजरीकडं हात केला. "त्या सगळ्या टांगल्या की दोऱ्यानं. पाखरांना कुठलं सुतक? कणसं साफ करत व्हती. वाऱ्यानं एकमेकीवर घासून पार खरवडल्यात, पर काम झ्याक करत्यात. टांगल्यापासनं ह्या काठाला एक पाखरू फिरकलं न्हाई बगा."