शहर भत्ता

एकाहत्तर साली नगरच्या सरकारी कारकुनांनी अर्ज केला, की इथली महागाई पुण्याच्या तोडीस तोड आहे, तेव्हा आम्हालाही शहर भत्ता द्या. चौकशीला मुंबईहून एक साहेब आले. सांगोवांगीवर त्यांचा विश्वास नव्हता. गावात स्वतः एक दिवस राहायचं आणि आपल्या खिशातून जाईल ती पै न् पै वहीत लिहायची, ही त्यांची रीत.

त्यांच्या दिमतीला दिलेल्या रंगनाथ कारकुनानं आदल्या दिवशीच टांगेवाल्याला आणि खानावळवाल्या झुंबरबाईला बजावून ठेवलं होतं, "साहेबांकडनं दुप्पट घ्या." दोघांनीही "व्हय, व्हय" केलं.

पण साहेबांनी पाकीट काढताच टांगेवाल्यानं हात जोडले. "पाव्हनं तुमी आमच्या गावचं. भाडं कसं घेऊ?" झुंबरबाईनं तर भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि पैशाचं नाव काढताच ती फणकारली. "पाव्हन्याकडनं भाकरीचं पैसं घेतलं तर ते पाप कुटं फेडू? पुढच्या येळी बाईसायबांनाबी आना."

साहेबांच्या पाठीमागून डोळे वटारून वटारून रंगनाथची बुबुळं दुखायला लागली. हे दोघं मिळून भत्ता बुडवणार, म्हणून तो दिवसभर धुमसत राहिला.

संध्याकाळी साहेबांनी त्याला लॉजचा पत्ता विचारला.

"आमचं घर असताना लॉजवर कशाला, साहेब?" रंगनाथ बोलून गेला.

 

महिन्याभरानं अहवाल आला: 'नगर शहरी प्रवास, भोजन व मुक्काम यांचा खर्च निरंक. सबब भत्ता नामंजूर.'