गेल्या वर्षीचं जांभूळ

चाकणची ती कंपनी दरवर्षी पर्यावरणदिनाला एकाच खड्ड्यात नवं रोप लावायची. रोप मरायचं, खड्डा टिकायचा. बायको गेल्यापासून ज्योतीरामला घर खायला उठायचं, म्हणून ओव्हरटाइम घेऊन तो पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःला कोंडून घ्यायचा. जेवणाच्या सुट्टीत मात्र बाटलीतलं उरलेलं पाणी गेल्या वर्षीच्या वाळक्या जांभळाला घालायचा. यंदा त्या काडीला पालवी फुटली आणि पाठोपाठ माळी कुदळ घेऊन हजर झाला. ज्योतीराम खड्ड्यात उतरून उभा राहिला. “बाजूला व्हा राव, साहेब फोटोसाठी खोळंबलेत!” “जगलंय हे.” “असेल, पण दुसरं आणलंय ना, याहून चांगलं!” “बायकोच्या तेराव्याला आमचे चुलतेही हेच म्हणाले.” माळ्यानं कुदळ खाली ठेवली. साहेबांनी जुन्याच रोपाला पाणी घालत फोटो काढून घेतला. संध्याकाळी ज्योतीराम ओव्हरटाइमला थांबला नाही. घरी बायकोच्या कुंड्या सुकल्या होत्या.