बोरगावची लाइन

"झाड मधात येऊन राहिलं, ताई," केबल टाकणारा अक्षय म्हणाला. "रस्त्याच्या कडेनं गेलं तर पूल आडवा येते, अन् पलीकडच्या शेतवाल्यानं कोर्टाचा स्टे आणला. लाइन जाईल तर इथूनच."

वैशालीनं जांभळाकडे पाहिलं. बाबा गेले तेव्हा त्यांच्या अस्थी नदीत न सोडता घरच्यांनी इथंच, आपल्या बांधावर पुरल्या होत्या. त्यांना वंदन म्हणून वर हे रोप लावलं होतं. आता ते तिच्या खांद्याला लागत होतं.

बोरगावच्या कारखान्यात ती कॉम्प्युटर सांभाळायची. भाऊ आशिष तिथंच मशीनवर होता. कंपनीनं ऑर्डरी, माल, पगार सगळं क्लाउडवर नेलं होतं, पण बोरगावचं नेट रडत चालायचं; इथला सगळा डेटा अजून इथल्याच सर्व्हरवर अडकून होता. म्हणून ऑर्डरी दुसऱ्या युनिटला जात आणि इथं अर्ध्या मशीन झाकून ठेवलेल्या. ही फायबर लाइन फक्त कंपनीची होती. बाहेरच्या इंटरनेटला न शिवता थेट क्लाउडपर्यंत जाणारी. ती आली की कारखाना तगेल, असं सगळेच धरून चालले होते.

तिनं हेड ऑफिसच्या राहुल सरांना फोन लावला.

"सर, लाइन इतकी गरजेची आहे का?"

"मॅडम, बोरगावचं सगळंच तिच्यावर अडलंय. तुमच्याकडून अपलोड नीट मिळाला पाहिजे, बस."

घरी आई तांदूळ निवडत होती. झाड काढायचं ऐकूनही तिचा हात थांबला नाही.

"तुहा बाप जिता असता तर त्यानं सोताच झाडाच्या मुळाशी सब्बल हाणली असती. पोराचं काम राहिलं पाहिजे."

"माय, तुले वाईट नाही वाटून राहिलं?"

"वाटून काय करू? वंजळभर माती आणजो."

दुसऱ्या दिवशी जेसीबी लागला.

"हळू ना बे," आशिष चालकाला म्हणाला. "माह्या बापाच्या अंगावरून जाऊन राहिला तू."

चालकानं मशीन थांबवलं, टोपी काढली, आणि मग झाड उपटलं. मुळांची माती वैशालीनं ओढणीत बांधून घेतली.

लाइन सुरू झाली त्या दिवशी मशीनवरची माणसं कॉम्प्युटरच्या खोलीत डोकावून गेली. कोणी तरी पेढे वाटले. हेड ऑफिसनं लांबूनच काम हाती घेतलं. स्क्रीनवरची अपलोडची निळी पट्टी भराभर सरकत होती.

"सगळं जाऊनच राहिलं," अक्षय म्हणाला. "इकडं काहीच येऊन नाही राहिलं."

"येईल ना. आत्ता तर सुरू झाली."

पट्टी भरली तसा राहुल सरांचा फोन आला.

"थँक्यू मॅडम. जुन्या नेटवरून एवढा डेटा कधीच बाहेर निघाला नसता. आता सर्व्हर बंद करा आणि खोलीची चावी गेटवर द्या. मशीन न्यायला ट्रक निघालेत."