सपाटीवरचा पहिला गिअर

दस्तगीर मिस्त्रींनी चेन मापून पाहिली, गिअरची वायर बदलली, दाते तपासले. सायकलीत काही दोष सापडेना.

"डेअरीपाशी आली की आपोआप चढाच्या, पहिल्या गिअरवर पडते," प्रमिलाबाई म्हणाल्या. "सपाट रस्ता आहे हो तिथे. ह्यांच्या वेळीही हेच चालायचं."

सायकल त्यांच्या नवऱ्याची, दिनकररावांची. ते जूनमध्ये अचानक गेले; तेव्हापासून ती प्रमिलाबाई चालवत. हल्ली गिअर हाताने बदलावे लागत नसत. चालवणाऱ्याचा दम आणि पायांतला जोर ओळखून गिअर स्वतःच बदलायचा, आणि रोजची वाट लक्षात ठेवायचा.

मिस्त्रींनी गिअरची नोंद पडद्यावर उघडली. जानेवारीत दिनकररावांना पहिला गिअर फक्त खिंडीत लागत होता. मार्चमध्ये तो पुलावरही लागायला लागला. मे महिन्यात डेअरीपाशी, सपाटीवर. तिथे ते रोज दहा मिनिटं थांबायचे आणि मग जोरात पायडल मारत घरी पोचायचे.

"उशीर का झाला विचारलं की म्हणायचे, गिअर बिघडलाय," प्रमिलाबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "मग मीच त्यांना तुमच्याकडे पिटाळलं."

"आले होते." मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "मी स्वतः बसून एक चक्कर मारली, वहिनी. माझ्या पायाखाली गिअर ठणठणीत चालला. काही झालेलं नाही म्हणालो, आणि परत पाठवलं."